लोणी मुरलेल्या रवीची कबुली

मित्रांनो, आपली हकीकत सांगायला बसलं की जो तो आधी स्वतःचे गुण सांगतो. मला ते तोंड नाही. मी फणसाच्या लाकडाची, एक पाकळी तडकलेली, म्हातारी रवी आहे. माझ्या नटण्यापायी एक खरा माणूस चार लोकांत खोटा ठरला. त्याला सात वर्षं झाली, पण अजून कुणी माझ्याकडे नीट बघितलं तरी मला चोरट्यासारखं होतं. म्हणून म्हटलं, एकदा सगळं सांगून टाकावं.

माझा जन्म रत्नागिरीचाच. सखाराम सुतारानं अंगणातल्या वाळलेल्या फणसाच्या फांदीतून मला काढलं, खालच्या टोकाला सहा पाकळ्या कोरल्या आणि दत्तात्रेय मास्तरांच्या घरी आणून दिलं. मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. घरात त्यांची बायको कमला आणि त्यांची विधवा आत्या येसूबाई. स्वयंपाकघरात राज्य येसूबाईंचं. दह्याचं मडकं त्यांचं, विरजण त्यांचं, आणि मीही त्यांचीच. दोन तळहातांत धरून त्या मला अशा फिरवायच्या की लोण्याचा गोळा बघता बघता वर यायचा. शेजारणी म्हणायच्या, "येसूबाई, तुमच्या घरचं लोणी म्हणजे लोणी." मला वाटायचं, हे सगळं मला उद्देशूनच चाललंय. अशी मी पहिल्यापासून चढेल.

दहा वर्षं मी ताक घुसळलं. दहा वर्षांत लाकडात किती लोणी मुरलं असेल, त्याची कल्पना तुम्हीच करा. मी पिवळीची तपकिरी झाले, हाताला तुपकट लागू लागले. मग एक दिवस माझी पाकळी तडकली. येसूबाईंनी नवी रवी आणवली आणि मला मागच्या पडवीत खुंटीला लावून टाकलं. तिथं माझ्या सोबतीला मोडकं सूप आणि रिठ्यांची पिशवी. तिथंच कोळ्यांनी माझ्यावर जाळी धरली आणि मीही म्हटलं, संपलं आपलं.

पण संपलं नव्हतं. रत्नागिरीपासून तीन कोसांवर कुरणवाडी म्हणून वाडी आहे. तिथला काशीराम नावाचा शेतकरी एका सकाळी टोपली घेऊन ओटीवर आला. टोपलीत काळसर, चमकदार दगड होते.

"मास्तर," तो म्हणाला, "आमच्या डोंगराला ह्यां असां काय तरी हाय. हाताला लागलां की हात काळा व्हतो. पाटीवर रेघ उठते. तुमी शिकलेले, तुमी सांगा ह्यां काय ता."

मास्तरांनी दगड कागदावर ओढला आणि त्यांचा चेहराच बदलला. "काशीराम, अरे, हे पेन्सिलीतलं काळं शिसं आहे. आपली पोरं ज्या परदेशी पेन्सिली झिजवतात ना, त्यांच्या पोटात हेच असतं."

काशीरामचा धाकटा मुलगा मुंबईला गिरणीत होता. छातीनं कच्चा, कापसाच्या धुळीनं खोकायचा. काशीरामनं एवढंच विचारलं, "म्हंजे हितां काय काम निघल? माज्या पोराला परत बोलवता येल?"

"दगड स्वच्छ करता आला तर निघेल," मास्तर म्हणाले. "यात निम्मी माती आणि वाळू आहे. ती वेगळी करता आली पाहिजे."

मित्रांनो, इथून पुढची गोष्ट या 'करता आली पाहिजे'ची आहे. मास्तर दोनदा स्वतः कुरणवाडीला जाऊन तो डोंगर बघून आले. परत आले तेव्हा त्यांचे पाय घोट्यापर्यंत काळे होते आणि कमलानं ते मागच्या दारी धुतले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मास्तरांनी एका मासिकात वाचलं होतं की परदेशात खाणीतल्या दगडाची पूड करून ती साबणासारख्या फेसाच्या पाण्यात घुसळतात. पाण्यात थोडं तेलही घालतात. मग हवे ते कण बुडबुड्यांना धरून वर येतात आणि नको ती वाळू तळाला बसते. दगड पाण्यावर तरंगतो हे ऐकून येसूबाई म्हणाल्या होत्या, "दत्तू, शाळेत पोरांना हेच शिकवतोस काय रे?"

फेसासाठी साबण आणायचा तर तो विलायती, आणि मास्तर पक्के स्वदेशीचे. त्यांची नजर पडवीतल्या रिठ्यांवर गेली. रिठ्यांवरून ती माझ्यावर आली. कमलानं रिठे गरम पाण्यात भिजवून चोळले, त्यात दगडाची बारीक पूड टाकली आणि मास्तरांनी घंगाळात मला सोडलं.

मी फिरले. फेस आला, चांगला बोटभर उंच. आणि मित्रांनो, तो पांढरा नव्हता. काळा होता, चमकत होता. कमलानं वरचा फेस पळीनं काढून कागदावर वाळवला, तर मऊ काळी पूड निघाली. तळाशी फिकट वाळू राहिली होती. मास्तर लहान पोरासारखे हसले.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला समजावून सांगितलं ते मी पडवीतून ऐकलं. बुडबुडा म्हणजे हवेवर चढवलेला पाण्याचा पातळ पापुद्रा. नुसत्या पाण्याचा पापुद्रा लगेच फुटतो, रिठ्याचं पाणी त्याला धरून ठेवतं. वाळूच्या कणाला पाणी आवडतं, तो पाणी पांघरूनच बसतो, म्हणून बुडबुड्याला चिकटत नाही. काळ्या शिशाला पाणी आवडत नाही. कण आणि बुडबुडा जवळ आले की मधला पाण्याचा पापुद्रा सरकतो, तुटतो, आणि कण बुडबुड्याला धरून वर जातो.

"आणि गंमत म्हणजे," मास्तर म्हणाले, "परदेशातल्या लोकांना तेल लागतं. आपल्याला तेलाचा थेंबही नको. नुसता आपला रिठा."

इथंच मी बोलायला हवं होतं. बोलता येत नव्हतं हे खरं, पण बोलावं असं वाटलंसुद्धा नाही, ही लाजेची गोष्ट. कारण खरं काय ते मला ठाऊक होतं. कुरणवाडीचा दगड वरवरचा, ऊनपाऊस खाल्लेला, मातीत मळलेला. त्याच्या कणांना थोडा तुपकट हात लागल्याशिवाय ते पाण्यापासून सुटतच नव्हते. तो तुपकट हात माझा होता. गरम रिठ्याच्या पाण्यात माझ्या अंगातलं जुनं लोणी कणाकणानं सुटत होतं आणि त्या पुडीला लागत होतं. मास्तर ज्याला रिठ्याचं यश म्हणत होते त्यात अर्धा वाटा येसूबाईंच्या ताकाचा होता. मी मात्र मनात म्हणत होते, बघा, मोडकी म्हणून टाकली होतीत ना मला.

दोन महिने असं चाललं. मास्तरांनी काळी पूड पुडीत बांधून मुंबईच्या एका पेन्सिलीच्या कारखान्याला पाठवली आणि सोबत लिहिलं, तेलाशिवाय, केवळ रिठ्यानं. उत्तर आलं की आमचे एक गृहस्थ बोटीनं रत्नागिरीला येत आहेत, त्यांच्यासमोर करून दाखवा.

घरात धावपळ उडाली. ओटी सारवली, पितळेची भांडी चिंचेनं घासली. येसूबाई पडवीत आल्या आणि मला बघून थबकल्या.

"अगो कमले, ही मेली अशी कळकट रवी मुंबईच्या माणसापुढे धरणार तुम्ही? आपल्या घराला काय म्हणेल तो?"

"आत्याबाई, असू दे ना," कमला म्हणाली. "ह्यांनी सांगितलंय, त्या सामानाला हात लावू नका."

"हात लावू नका म्हणजे घासू नका असं नव्हे."

पाहुणा येणार म्हणून घासणं हा येसूबाईंचा धर्म होता. त्यांनी मोठ्या टोपात पाणी उकळलं, त्यात चांगली दोन ओंजळी राख टाकली आणि मला त्यात बुडवून ठेवलं. मग काथ्यानं घासलं. पुन्हा उकळलं. पुन्हा घासलं. शेवटी दोन दिवस अंगणात उन्हात ठेवलं. दहा वर्षांचं लोणी राखेच्या पाण्यात साबण होऊन वाहून गेलं.

आणि मी काय करत होते म्हणता? खूश होते. माझं फणसाचं पिवळं अंग पुन्हा दिसायला लागलं होतं. उन्हात पडल्या पडल्या मी स्वतःवरच भाळले होते. आपल्या अंगातून काय गेलं, याचा विचार त्या दोन दिवसांत एकदाही मनात आला नाही. ते दोन दिवस आठवले की अजून अंग आखडतं.

गृहस्थ आले. गोरेगोमटे, चष्मा लावणारे, बोलायला सौम्य. ओटीवर शाळेचे दोन शिक्षक, शेजारचे वकील, अशी चार प्रतिष्ठित माणसं बसली. काशीराम धुतलेलं धोतर नेसून आला होता आणि पायरीवर बसला होता. त्यानं आदल्या दिवशी मुलाला कार्ड लिहवून घेतलं होतं, की शिमग्याला येशील तो परत जायचा नाहीस बहुतेक.

मास्तरांनी मला घंगाळात सोडलं. मी फिरले. फेस आला. पांढराशुभ्र.

मास्तरांनी पूड वाढवली. पांढरा. रिठा वाढवला. आणखी पांढरा, आणखी उंच. काळे कण माझ्या पाकळ्यांना धडकत होते आणि बुडबुड्यांच्या कडेवरून घसरून तळाला जात होते. त्यांच्यामधला तो पाण्याचा पापुद्रा काही तुटेना. आता मला सगळं कळलं आणि पाण्यातच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गृहस्थ मऊपणे म्हणाले, "मास्तर, थोडं तेल घालून बघता का? आमच्या वाचनात तसं आहे."

मास्तरांच्या कानापर्यंत लाली चढली. "तेलाची गरज नाही. दोन महिने मी तेलाशिवाय करतो आहे."

"मग एक विचारू? राग मानू नका. तुम्ही पाठवलेली पूड फार उत्तम होती. ती याच दगडाची होती ना? मध्ये कुणी बाजारची पूड मिसळली असेल, असं तर नाही?"

ओटीवरचे सगळे मास्तरांकडे बघत होते. मास्तरांनी घाम पुसला. त्यांची नजर इकडे तिकडे फिरली आणि पायरीवर जाऊन थांबली.

"मी कशाला मिसळीन?" ते म्हणाले. "दगड काशीराम आणतो. कुठून आणतो, काय आणतो, ते बघायला मी कुठं गेलोय?"

मित्रांनो, काळे झालेले पाय आठवतात ना? दाराआड कमला उभी होती, ती सरबताचं तबक घेऊन तशीच मागं फिरली. काशीरामनं मान वर केली, मास्तरांकडे बघितलं. मग रिकामी टोपली उचलली आणि उतरून गेला. गृहस्थ संध्याकाळी निघून गेले.

काशीराम पुन्हा आला नाही. त्याच्या वाडीची सखू भाजी घेऊन यायची, ती महिन्याभरानं मागच्या दारी बसून कमलाला सांगू लागली.

"वयनी, काशीरामदादानं देवीला कौल लावला. बोल्ला, मी खोटा असन तर देवी सांगल. गुरवानं देवीच्या पाषाणावर फुलांच्या भिजवलेल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर खरा, डावी पडली तर खोटा. सकाळपासून सांजपोत एक पाकळी हलली नाय. देवी बोल्ली नाय, आणि मग लोकच बोलाय लागले."

"काय बोलले?"

"खरा असता तर उजवी पडली नसती काय, म्हणून."

मी तेव्हा पुन्हा स्वयंपाकघरात होते. चकचकीत झाल्यामुळे येसूबाईंनी मला परत ताकाला लावलं होतं. सखूचं बोलणं ऐकून मला कळेना, हसावं की रडावं. ओल्या पाकळीला दगडाशी धरून ठेवतो तो पाण्याचाच पापुद्रा. आमच्या घंगाळात जो तुटला नाही, तसाच. दोन्हीकडे पाण्यानं गप्प बसून काशीरामला बुडवलं होतं.

कमला त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या सकाळी ताक झाल्यावर ती मला आणि मडक्याला घेऊन मागच्या दारी धुवायला आली. त्या दिवशीची फसलेली पूड तिनं तिथंच केळीच्या आळ्याशेजारी ओतलेली होती. तिनं मडक्यात रिठ्याचं पाणी घातलं, मला त्यात खळखळवलं आणि ते पाणी धुण्याच्या दगडावर ओतलं. फेस ओघळत केळीकडे गेला, त्या पुडीवरून पसरला, आणि काळा झाला. चमकायला लागला.

कमला बघतच राहिली. मग तिनं मूठभर पूड उचलली, स्वच्छ वाटीत रिठ्याचं पाणी घेतलं, बोटानं ढवळलं. फेस पांढरा. बोट माझ्या तुपकट पाकळीला पुसलं आणि पुन्हा ढवळलं. काळा. तिनं चमचाभर तेल घालूनही बघितलं, तर फेसच बसला. म्हणजे तुपकट अगदी थोडं लागतं, पण लागतं.

तिनं मास्तरांना हाक मारली. त्यांनी बघितलं. उकिडवे बसून एकदा स्वतःच्या बोटानं ढवळलं.

"आत्यानं रवी उकळली," ते म्हणाले. "म्हणून."

येसूबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी घासलं ते चुकलं काय रे दत्तू?"

"आत्याबाईंनी रवी घासली," कमला हळू म्हणाली. ती नवऱ्यापुढे कधी असं बोलली नव्हती. "डोंगर बघितला नाही, असं त्या नाही बोलल्या."

मास्तर उठून आत गेले. रविवारी पहाटे त्यांनी दोन रव्या पंच्यात बांधल्या, एक कोरी आणि एक मी. रिठे घेतले आणि चालत कुरणवाडीला निघाले. येसूबाईंनी आदल्या दिवशी मला चार वेळा ताकात फिरवून ठेवलं होतं आणि गार पाण्याचाही हात लावला नव्हता.

गावदेवीच्या देवळात माणसं जमली. काशीराम खांबाला टेकून मागं बसला होता. मास्तर उभे राहिले. त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा नव्हता.

"त्या दिवशी मी खोटं बोललो," ते म्हणाले. "मी दोनदा इथं येऊन डोंगर बघून गेलो होतो. दगड काशीरामचा आहे, खरा आहे. चूक माझ्या घरात झाली."

मग त्यांनी देवळाच्या पायरीवर दोन परातींत पाणी घेतलं. कोऱ्या रवीनं फेस पांढरा आला. माझ्यानं काळा आला. लोक पुढे सरकले, कुणी बोट बुडवून बघितलं, कुणी कपाळाला लावून घेतलं. मास्तरांनी लोणी, रिठा, पापुद्रा, सगळं समजावून सांगितलं. मला आयुष्यात इतक्या माणसांनी कधी बघितलं नव्हतं, आणि मला वाटत होतं, मला झाका.

गुरव म्हणाला, "काशीरामा, परत कौल लावू काय?"

"नको," काशीराम म्हणाला. "देवीला कशाला तरास." तो उठून परातीजवळ आला, काळ्या फेसाकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"काशीराम, तुम्ही मला माफ करा," मास्तर म्हणाले. ते त्याला कधी अहोजाहो करत नसत. "रवी धुतल्यानं असं होईल, हे मला खरंच ठाऊक नव्हतं."

"तां तुमाला ठाऊक नव्हतां," काशीराम म्हणाला. "पन माजा दगड खरा हाय, ह्यां तुमाला त्या दिवशीबी ठाऊक होतां."

मास्तरांनी मान खाली घातली.

मास्तरांनी मुंबईला सगळं खरं लिहिलं. स्वतःचं खोटं बोलणंसुद्धा लिहिलं. उत्तर सभ्य आलं, की कळवल्याबद्दल आभार, पण आमचा करार सिलोनच्या मालासाठी झाला आहे. डोंगर तसाच राहिला. काशीरामचा मुलगा शिमग्याला आला, चार दिवस अंगणात बसून खोकला आणि पुन्हा मुंबईला गेला. काशीरामचं नाव परत मिळालं, मुलगा मिळाला नाही. हे माझ्या हिशेबी कधीच फिटायचं नाही.

त्या रविवारी मास्तर निघताना मला तिथंच देऊन गेले. काशीरामच्या बायकोनं, राहीनं, मला हातात फिरवून बघितलं आणि म्हणाली, "म्हशीचां ताक हाय, चालल." तेव्हापासून मी कुरणवाडीला आहे. मास्तर वर्षातून दोनदा येतात. अंगणात बसतात, ताक पितात. फार बोलणं होत नाही, पण येतात.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही वस्तू म्हणतो, आम्हाला जपा, आमची निगा राखा. माझं तसं काही मागणं नाही. मला राखेत उकळा, चुलीत घाला, माझी तक्रार नाही. मागणं एवढंच, की तुमच्या हातून कधी काही फसलं आणि चार लोक तुमच्याकडे बघायला लागले, तर तुमची नजर पायरीवर बसलेल्या माणसाकडे जाऊ देऊ नका. आधी हातातली रवी बघा. रवीत काही सापडलं नाही, तरी त्याच्याकडे बोट दाखवू नका.

राही रोज मला गार पाण्यात विसळते आणि ओटीवरच्या खुंटीला, पाकळ्या खाली करून अडकवते. काशीराम येता-जाता एकदा माझ्याकडे बघतो. रागानं बघत नाही, नुसता बघतो. मी आपली मान खाली घालून लटकत असते.